पाचवं पाजणं

बुधवारी सकाळी चौदावा अर्ज वाचताना बदरियाने नागरिकाच्या रकान्यातलं नाव उच्चारलं, आणि ते माझं होतं. तिने ते बाकीच्या नावांसारखंच सपाट आवाजात वाचलं, 'नातं : दूधआई' हेही वाचून टाकलं आणि मग थांबून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आरोग्य खात्यातल्या त्या टेबलाभोवती आम्ही पाच जण. दर बुधवारी बसतो, खजूर खातो, कॉफी पितो आणि परक्यांपैकी कुणाला औषध फुकट द्यायचं, कुणाला नाही, हे ठरवतो. माझ्या तोंडात खजूर होता. बी जिभेवर आली तरी ती काढायचं सुचेना. अध्यक्ष मिशारी, ज्याला आम्ही सगळे त्याच्या थोरल्या मुलाच्या नावावरून बू-राकान म्हणतो, खुर्चीत मागे रेलून हसला. "घ्या," तो म्हणाला, "कलम सात स्वतःच्या पायांनी घरी चालत आलं." बाकीचेही हसले. मला राग आला, पण त्यांचा नाही. त्या अर्जाचा आला, त्यावरच्या निळ्या शाईतल्या, उजवीकडे झुकलेल्या अक्षराचा आला. ते अक्षर सालमीनचं होतं. एकाच गालिच्यावर पालथं पडून आम्ही दोघांनी चौथीपर्यंतचा गृहपाठ केला होता, आणि मी तेव्हाही त्याला म्हणायचे की तुझी अक्षरं पडायला आलीत. पन्नाशी उलटली तरी ती सरळ झाली नव्हती.

कलम सात माझं. लोक मला खात्यात त्याच नावाने ओळखतात, तोंडावर 'डॉक्टर' म्हणतात आणि पाठ फिरली की 'कलम सात आली' म्हणतात. मूल नाही, त्यामुळे कुणाची आई म्हणून मला हाक मारता येत नाही. कलमाच्या नावाने मारतात. नवे दर लागू झाले तेव्हा नियम सोपा होता. नागरिकाला औषध फुकट, परक्याला दराप्रमाणे, आणि महागड्या औषधांची एक यादी अशी की ती परक्याला सरकारी खिडकीवर मिळणारच नाहीत. सूट फक्त नागरिकाच्या आईबापांना, जोडीदाराला, मुलांना. आणि दुधाच्या नात्याला. कारण एकीच्या अंगावर प्यालेली मुलं आमच्यात भावंडं असतात, त्यांचं लग्न होत नाही, त्यांच्यापुढे बाईला डोकं झाकावं लागत नाही, आणि हे नातं नाकारायची छाती कुठल्याच मंत्र्याला झाली नाही. झालं. सहा महिन्यांत अख्ख्या देशाला दूधभाऊ फुटले. एका व्यापारी घराण्याने ड्रायव्हर, आचारी आणि दोन माळी आपल्या आजीच्या अंगावर प्यालेले म्हणून दाखवले. त्या आजीच्या नावावर अकरा दूधमुलगे जमा झाले आणि त्यातला एक तिच्याहून दोन वर्षांनी मोठा होता. तेव्हा मी कलम सात लिहिलं. पोट भरून पाच वेळा पाजलेलं असलं पाहिजे, धर्मात आहे तसंच. पाजणारी बाई हयात असेल तर आकडा तिने स्वतःच्या तोंडाने सांगावा आणि त्याखाली अंगठा उठवावा. शिवाय ज्या बाईने पाहिलं तिची साक्ष. एका महिन्यात दोन तृतीयांश अर्ज गळले. मला प्रशस्तिपत्र मिळालं, ते मी भिंतीवर लावलं, आणि लावताना माझ्या मनात एकदाही आलं नाही की खोट्यांबरोबर खरे किती गळले असतील. नाही, खोटं बोलतेय. एकदा आलं होतं. एक बलुची बाई खिडकीशी उभी राहून म्हणाली होती, "बाई, पाजताना कुणी मोजतं का?" मी तिला म्हटलं होतं, ज्याला फुकट पाहिजे त्याने मोजावं.

सालमीनच्या अर्जात आकड्याची जागा कोरी होती. अंगठा नव्हता. साक्षीच्या जागी त्याने लिहिलं होतं, 'सगळ्या गल्लीला माहीत आहे.' गल्ली तर कधीच पाडली, तिथे आता मॉल आहे. मी ते वाक्य तीन वेळा वाचलं आणि मला वाटलं, याने मला पकडलं. तीस वर्षं गप्प बसला आणि अगदी माझ्याच टेबलावर, माझ्याच माणसांसमोर, माझ्याच कलमाने मला पकडलं. खाली त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या दूधआईचा, रोग लिहिला होता. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे रक्त झिरपतंय, डावा गेल्या वर्षीच गेला. दर महिन्याला डोळ्यात एक इंजेक्शन. न दिल्यास तीन-चार महिन्यांत पूर्ण अंधत्व. ते इंजेक्शन मी चांगलं ओळखते. दर ठरवणाऱ्या टेबलावर मी अकरा वर्षं काढलीत. ती कुपी थंड पेटीतून विमानाने उतरते तेव्हा तिची किंमत काय असते ते मला ठाऊक आहे, आणि ज्या एका घराण्याकडे तिची एजन्सी आहे त्यांच्या गोदामातून बाहेर पडताना ती दोनशे दहा दिनारांची कशी होते तेही ठाऊक आहे, कारण त्या टक्केवारीखाली माझी सही आहे. सालमीन मुबारकिया बाजारात कापडाच्या दुकानात कामाला. त्याला तीनशे मिळत असतील. परक्यांच्या विम्याचं कार्ड ताप-खोकला आणि मोडलेलं हाड एवढ्यापुरतं. साठीपुढच्यांना खासगी विमा घ्यावा लागतो आणि खासगी विमा म्हणतो की हे जुनं दुखणं आहे, आमच्याकडे येण्याआधीचं. म्हणजे उरले फक्त आम्ही पाच जण आणि खजुराची थाळी.

"त्यात काय एवढं," बू-राकान म्हणाला. "माझी आई तुमच्याच गल्लीतली. साक्ष ती देईल. तिला काही आठवत नाही, पण साक्ष द्यायला फार आवडतं."

"तिने पाहिलं होतं?" मी विचारलं.

"अगं बाई, तिने पाहिलं असं ती म्हणेल. तू म्हातारीकडे जा, आकडा घे, अंगठा घे. पाच लिही, सहा लिही, तुझी मर्जी. उद्या दहाला मी सही करतो आणि संपलं."

"आणि गेल्या बुधवारच्या त्या सुदानी माणसाला आपण हेच करू दिलं नाही, त्याचं काय?"

"तो काय तुझा दूधभाऊ होता?" तो म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले. बदरियाने कॉफी ओतली. तिने माझ्या कपात थोडी जास्त ओतली, आजारी माणसाला ओततात तशी. तेवढ्यावरून मला तिला थोबाडीत मारावीशी वाटली.

दुपारी गाडी काढली तेव्हा बाहेर धूळ होती, समोरची गाडी दिव्यांवरून ओळखावी इतकी. पुढच्या कप्प्यात पाण्याची बाटली शोधताना औषधांची पिशवी हाताला लागली. आमच्याकडे प्रत्येक घरात ही पिशवी असते. खोकल्याचं औषध, मलम, जीवनसत्त्वं, तीन डॉक्टरांनी दिलेल्या तीन प्रकारच्या डोकेदुखीच्या गोळ्या. फुकट मिळतात म्हणून आणलेल्या, कुणी न घेतलेल्या, गाडीच्या उन्हात एकमेकींना चिकटलेल्या. माझा सख्खा भाऊ जासिम निवृत्त झाल्यापासून त्याच्याकडे खास कार्ड आहे. खासगी रुग्णालयात त्याला कॉफी मिळते, दात साफ करून मिळतात, आणि संध्याकाळी दिवानियात, पुरुषांच्या बैठकीत, मित्रांबरोबर उशांना टेकून तो म्हणतो, परक्यांनी आपली औषधं खाऊन टाकली. मी त्याला कधी उलट बोलले नाही. माझं तरी काय वेगळं होतं? तो गप्पांत म्हणतो ते मी कलमांत लिहीत आले. सिग्नलला थांबले असताना मी ती पिशवी खिडकीतून बाहेर फेकायला काढली आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला म्हणून परत आत टाकली.

मला कुणी किती पाजलं याबद्दल गल्लीचं म्हणणं एक होतं, आईचं वेगळं. मी झाले आणि तिला विषमज्वर झाला. चाळीस दिवस तिला माणसं ओळखू येत नव्हती, दूध आटलं. शेजारी उम्म सालमीन, म्हणजे सालमीनची आई, परमुलखातून, हद्रमौतहून आलेली. तिचा नवरा माझ्या वडिलांच्या वखारीवर राखणदार. तिला बारा दिवसांपूर्वी सालमीन झाला होता. तिने मला उचललं आणि एका बाजूला त्याला, दुसऱ्या बाजूला मला असं घेतलं. हे गल्लीतल्या बायका सांगायच्या. चौथीत माझ्या वर्गातली एक मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, ही राखणदाराच्या बायकोचं दूध प्यायलीय म्हणून हिचे ओठ जाड आहेत. मी रडत घरी आले तेव्हा आई केस विंचरत होती. ती आरशातूनच म्हणाली, "डब्याचं दूध दिलं तुला. तिनं एखाद-दुसऱ्या वेळी घेतलं असेल, त्याचा एवढा बाऊ कशाला?" त्या दिवसापासून माझ्याकडे दोन आकडे होते, चाळीस दिवस आणि एखाद-दुसरी वेळ. मला सोयीचा असेल तो मी वापरत आले. खेळायला जायचं, तिच्या हातच्या तळलेल्या गोड पुऱ्या खायच्या, उन्हातून येऊन तिच्या मांडीवर डोकं टाकायचं, तेव्हा चाळीस दिवस. शाळेत, सणाला, चांगल्या घरच्या बायका यायच्या तेव्हा एखाद-दुसरी वेळ.

आणि एकदा तर तेवढंही नाही. युद्ध संपल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात, आकाश तेलाच्या धुराने दुपारीच काळं व्हायचं त्या दिवसांत, वडील गाडी चालवत होते, मागे मी आणि सालमीन. आम्ही सोळा वर्षांचे. उम्म सालमीनच्या मुलखातल्या सरकारने युद्धात चुकीची बाजू घेतली होती, म्हणून तिकडचा प्रत्येक माणूस आता संशयित होता. शहर शत्रूच्या ताब्यात होतं ते सात महिने या बाईने आमच्यासाठी भाकऱ्या भाजल्या होत्या. रांगेत आम्ही दिसू नये म्हणून पीठसुद्धा स्वतःच्या नावावर आणलं होतं. चौकात शेजारच्या गल्लीतली पोरं बंदुका घेऊन उभी होती. एकाने वाकून मागे पाहिलं. "हा कोण?" वडील गप्प राहिले. त्याने मला विचारलं, "तुझा कोण?" मी म्हणायला हवं होतं, भाऊ. दोन अक्षरी शब्द. मी म्हटलं, "राखणदाराचा मुलगा." त्यांनी दार उघडून त्याला उतरवलं. तो उतरताना माझ्याकडे पाहत नव्हता, पायातली चप्पल गाडीत राहिली होती तिच्याकडे पाहत होता. एकोणीस दिवसांनी परत आला तेव्हा डाव्या कानाने कमी ऐकू येत होतं. ते अजूनही तसंच असेल. घरी येऊन त्याने काय सांगितलं मला माहीत नाही. उम्म सालमीनने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी रडले असते, पाया पडले असते, काहीतरी झालं असतं. तिने विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी तिचा द्वेष करायला लागले. सरळ सांगते, दुसरा शब्द नाही. शिकायला परदेशी गेले, परत आले, लग्न झालं, मोडलं, नोकरीत वर चढत गेले. आधी दोन्ही ईदला फोन, मग एकाच ईदला, मग नाहीच. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ती आली. धापा टाकत जिना चढली आणि सरळ पहिल्या ओळीत माझ्याशेजारी येऊन बसली, मुलीशेजारी बसावं तशी. मंत्र्याच्या घरच्या बायका यायच्या होत्या. मी तिला लहानपणापासून यम्मा, म्हणजे आईच, म्हणत आले; तेव्हाही म्हटलं, "यम्मा, तिकडे दाराशी बसा, वारा येतो." ती उठली आणि दाराशी ठेवलेल्या खुर्चीवर जाऊन बसली. तेव्हा तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं.

हवल्लीत ती दोघं राहतात त्या इमारतीची लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यापर्यंत चढताना मी मनात वाक्यं जुळवत होते. सालमीनला काय सुनवायचं तेही ठरवलं होतं. मला आधी फोन करता आला नाही? चारचौघांत माझं नाव असं टेबलावर टाकायचं? दार उघडंच होतं. ती खिडकीतल्या एसीखाली गादीवर बसली होती. समोर ताटात मसूर, निवडायला घेतलेला. ती बोटांनी निवडत होती. प्रत्येक दाणा चिमटीत फिरवून खडा बाजूला टाकत होती. मी आत आले, दार लोटलं आणि डोक्यावरचा रुमाल ओढून मानेवर घेतला. ते मी ठरवून केलं नाही. या घरात मी कधीच डोकं झाकून बसले नव्हते. सालमीन असो-नसो, हात आपोआप जायचा. इतकं सगळं तोडलं, पण हाताला ते कळलेलं दिसत नव्हतं.

"कोण ते?" तिने विचारलं.

"मी लुलवा, यम्मा."

तिची बोटं थांबली नाहीत. "लुलू," ती म्हणाली. "जाड झालीस. पावलं जड पडतात."

"लिफ्ट बंद आहे."

"लिफ्ट वर्षभर बंद आहे. सालमीन आता येईल, दुकान चारला बंद होतं त्याचं. पुऱ्या तिथे फडक्याखाली आहेत. काल केल्यात, मऊ पडल्या असतील."

मी एक पुरी घेतली. मऊ पडली होती, आणि आत वेलदोडा तसाच, जरा जास्तच. मी ती पटकन संपवली. खोलीत धूप जाळल्याचा वास होता, औषधाच्या थेंबांचा होता, आणि ज्या वासासाठी मी लहानपणी तिच्या मांडीवर पडायचे तोही होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्याऐवजी मी पर्स उघडून अर्ज काढला. खात्यात वीस वर्षं अर्ज हाताळले की माणूस घाबरला तरी अर्जच काढतो.

"सालमीनने खात्यात अर्ज केलाय. तुमच्या इंजेक्शनसाठी."

"मला सांगितलं नाही त्यानं."

"केलाय. मंजूर होईल, मी बघते. फक्त दोन गोष्टी राहिल्यात." माझा आवाज खिडकीवरचा झाला होता. मला तो ऐकू येत होता आणि बदलता येत नव्हता. "तुम्ही मला किती वेळा पाजलं तो आकडा लागतो. आणि त्याखाली तुमचा अंगठा."

आता तिची बोटं थांबली.

"किती वेळा?"

"हो."

"तुला माहीत नाही?"

"मला कसं आठवेल, यम्मा? मी चार दिवसांची होते. आणि नियम आहे की पाजणारीने स्वतः सांगायचं."

"कुणाचा नियम?"

मला खोटं बोलता आलं असतं. मंत्र्याचा, सरकारचा. "माझा," मी म्हटलं. "मी लिहिलाय. लोक फार खोटं बोलतात."

ती हसली. मी ते हसू अपेक्षिलं नव्हतं. खोकला येईपर्यंत हसली. "अगं, तू लहानपणी बदाम मोजून खायचीस. सालमीनला एक जास्त गेला की घर डोक्यावर घ्यायचीस," ती म्हणाली. मग ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं आणि तो एक उरलेला, पांढुरका झालेला डोळा माझ्या दिशेने वळवला. मी नेमकी कुठे बसलेय हे तिला कळत नव्हतं. ती माझ्या खांद्याकडे पाहत होती. "बरं, मला समजावून सांग. पाचाला काय होतं?"

"पाचाला नातं लागतं. तुम्ही माझी आई लागता. इंजेक्शन मिळतं."

"आणि चाराला?"

"चाराला काहीच होत नाही."

"काहीच नाही?"

"नाही. चाराला परके."

ताटातल्या मसुरावरून तळवा फिरवून तिने तो सारखा केला. मग म्हणाली, "मग चार लिही."

मला आधी वाटलं, तिला नीट समजलं नाही. मी पुन्हा सुरुवात केली, की पाच म्हणायचंय, जास्त म्हटलं तरी चालेल, दहा म्हणा, आणि ती मधेच म्हणाली, "मी बहिरी नाही, तो सालमीन. चार लिही."

"यम्मा, हा डोळा जाईल."

"जाईल."

"तीन महिन्यांत! मी ही औषधं ओळखते. मग ताटातला मसूर दिसणार नाही, सालमीनचं तोंड दिसणार नाही..."

"मसूर आत्ताही दिसत नाही. सालमीनचं तोंड मला पाठ आहे."

मी गादीवर तिच्याजवळ सरकले. पर्समधून शाईची डबी काढली होती. ती माझ्या डाव्या हातात होती आणि उजव्या हाताने मी तिचं मनगट धरलं. मी खात्यातली सगळ्यांत मोठी बाई, कलम सात, एका म्हातारीचं मनगट ओढत होते. तिने अंगठा बोटांच्या आत घालून मूठ मिटली. त्या मुठीत जोर नव्हता. मला ती सहज उघडता आली असती.

"चार खोटं आहे!" मी ओरडले. "चाळीस दिवस होते! आईला ताप होता आणि चाळीस दिवस तुम्ही पाजलंत, दिवसरात्र, सालमीनच्या वाटणीचं पाजलंत! सगळ्या गल्लीला माहीत आहे! मला माहीत आहे!"

"मग मला विचारायला का आलीस?"

ती हे मोठ्याने बोलली नाही. रागानेही बोलली नाही. चौकातली ती पोरं, दाराशी ठेवलेली खुर्ची, बलुची बाई, भिंतीवरचं प्रशस्तिपत्र, हे सगळं मला त्या वेळी आठवलं असं म्हणायला बरं वाटेल, पण नाही आठवलं. मी फक्त तिच्या मिटलेल्या मुठीकडे पाहत होते, आणि मला एवढंच कळत होतं की मी तिचं मनगट अजून सोडलेलं नाही. मी सोडलं. शाईच्या डबीचं झाकण लावलं. अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवताना तो कोपऱ्यात दुमडला आणि मी तो सरळ केला. उद्या दहा वाजता बू-राकान विचारेल. मी स्वतःच पाच लिहीन, कुणाचाही अंगठा उठवीन, त्याची आई साक्ष द्यायला एका पायावर तयार आहे, असं मी भराभर मनात ठरवत होते. आणि ठरवतानाच मला दिसत होतं की तसलं औषध ही बाई डोळ्यात घालून घेणार नाही.

जिन्यावर पावलं वाजली. चौथ्या मजल्याच्या पायरीवर थांबून कुणीतरी श्वास घेतला, चप्पल काढली. ती पावलं तिनेही ऐकली. ताट तिने दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं, गुडघ्यावरचे कपडे झटकले.

"सालमीन आला," ती म्हणाली. "डोकं झाक."

"यम्मा..."

"परका पुरुष येतोय, पोरी. डोकं झाक."

आणि मी झाकलं. मानेवरचा रुमाल उचलून केसांवर घेतला, कपाळापर्यंत ओढला, कडा हनुवटीखाली खोचल्या. तिने सांगितलं म्हणून केलं. लहानपणी ती सांगायची, हात धू, चप्पल घाल, आणि मी करायचे, तसंच. दार ढकलून सालमीन आत आला. हातात भाकऱ्यांची पिशवी, केस पूर्ण पांढरे, उजवा कान थोडा पुढे करून धरलेला. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. 'लुलू' म्हणायला त्याने तोंड उघडलेलं मला दिसलं. मग त्याची नजर माझ्या डोक्यावर गेली, तिथून आईच्या चेहऱ्यावर गेली, आणि तिथून खाली जमिनीकडे. परक्या बाईसमोर आमच्याकडे पुरुष नजर खाली घालतात तशी त्याने ती घातली. पिशवी दाराशी ठेवून तो उंबऱ्याबाहेर एक पाऊल मागे सरकला.

"बसा, डॉक्टर," तो म्हणाला. "मी बाहेर थांबतो."